पाचवी अळी

लेहतोनिएमी
२३ जून, रविवार

ताई,

मी मास्तरांच्या अळ्यांना काजळी फासली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं अक्षर दिसलं की तू कागद चुलीत घालणार. निदान पहिली ओळ तरी वाया जायला नको. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. तुझ्या नवऱ्याला, लेनार्टला सांग, मी संडासाचं दार बाहेरून खिळे मारून बंद केलं तेव्हा आत एवढे डास असतील हे मला ठाऊक नव्हतं. स्वीडनमधे डास नसतात का? दोन वर्षं झाली, आता तरी त्याची सूज उतरली असेल.

तर मास्तर. आपले उर्पो मास्तर, ज्यांनी तुला डोक्यावर घेतलं आणि मला सातवीत आपटलं, ते. त्यांना मोतीबिंदू झालाय. ऑपरेशनचा नंबर ऑक्टोबरात. वसंतात त्यांचं गाडीचं लायसन काढून घेतलं, तेव्हापासून गावाच्या टोकावरच्या बर्चच्या झाडांपर्यंत त्यांना नेणं-आणणं माझ्याकडे. पेट्रोल पंपावरच्या कॅफेत मी काम करतो, तिथे सकाळी कुत्रं येत नाही, मालक सोडतो मला.

तुला हे सगळं पाठ आहे, पण मी यंदाच शिकलो, तेव्हा मला जरा मिरवू दे. पान तोडायचं, आभाळासमोर धरायचं. पानावर भाजल्यासारखा तपकिरी फोड असतो. फोडाच्या आत, पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे अळी. ती आतल्या आत पान खात जाते आणि मागे शेवयांसारखी घाण सोडत जाते. पुढे तिचा पतंग होतो तो तांदळाच्या दाण्याएवढा, जांभळा-सोनेरी. पण त्या घराण्यातले सगळे भाऊ दिसायला सारखेच, नुसतं बघून कुणाच्या बापाला ओळखता येत नाहीत. ओळखायचं ते अळीवरून, तेही ती पानात आहे तोवरच. ती गेली की रिकामा फोड काही बोलत नाही. आणि आपल्याकडच्या अळ्या सगळ्या पांढऱ्या. मास्तरांना हवी राखाडी. राखाडी अळीची जात एवढ्या उत्तरेला कुणालाच मिळालेली नाही. एकट्या मास्तरांना मिळाली होती, आणि ते खरं आहे असं एकटे मास्तरच म्हणतात.

गुरुवारी कॅफेत त्यांनी बिनदुधाची कॉफी मागितली, मी दूध घातलं. तेवढ्यावरून सगळ्यांसमोर म्हणाले, "आर्तु, अळीचा मेंदू टाचणीच्या टोकाएवढा असतो. तरी ती एका पानात पास होऊन बाहेर पडते. तुला एका इयत्तेला दोन वर्षं लागली." टेबलं बडवून हसले सगळे. तो ताइस्तो, बँकेतून रिटायर झालेला, पतंग मंडळाचा अध्यक्ष, त्याच्या तर नाकातून कॉफी आली.

मग मी ठरवलं.

काल, युहान्नुसच्या सणाच्या संध्याकाळी, आईने मास्तरांना सॉनाला बोलावलं. एकटे असतात म्हणून दरवर्षी बोलावते. येताना टोकावर थांबून त्यांनी पानं गोळा केली होती. ओल्या शेवाळावर पाच पानं, प्लास्टिकच्या डब्यात. घरी गेल्यावर भिंगाखाली बघू म्हणाले. डबा कपडे काढायच्या खोलीत खुंटीला पिशवीत अडकवला. मला फार गरम होतंय असं म्हणून मी आधी बाहेर आलो. आत मास्तर नेहमीप्रमाणे बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीने स्वतःच्याच पाठीवर सपासप मारून घेत होते. म्हटलं, एक फटका माझ्याकडूनही.

आधी फ्लॅश मारून डब्याचा फोटो काढला, माझ्या दोस्ताला, येरेला दाखवायला. आधी आणि नंतर, क्रीमच्या जाहिरातीत दाखवतात तसं. मग आईची सुई, थोडी थुंकी आणि आपल्या धुराच्या सॉनाच्या भिंतीची काजळी. ती मी दुपारीच वाटीत खरवडून ठेवली होती. फोडाला कडेने बारीक चीर द्यायची, सुईच्या टोकाने अळीच्या अंगाला काजळी लावायची, पापुद्रा परत दाबून टाकायचा. खोलीची खिडकी तळहाताएवढी, नीट दिसतही नव्हतं. शेवटच्या पानाला चीर दिली तर आतली आधीच काळपट. म्हटलं हे मघाशीच झालंय वाटतं, गडबडीत कळलं नाही. तेवढ्यात आईने शेकोटीकडे बोलावलं, डबा बंद केला.

आज सकाळी मास्तरांचा फोन. आधी नुसता श्वास. मग, "आर्तु. ये."

गेलो. डोळ्याला भिंग, खिडकीला पान. म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत. रंग सांग."

मी काय सांगणार? राखाडी म्हणालो.

म्हाताऱ्याने माझा हात धरला. याच हाताने माझा कान धरायचे, आठवतंय? धरला आणि सोडेचनात.

येरेला अजून सांगितलेलं नाही. का कोण जाणे, मजाच येईना.

आर्तु


२५ जून, मंगळवार

ताई,

आधीचं पत्र पोचलं नसेल अजून, तरी दुसरं लिहितोय. यावरून समज माझं काय झालंय.

मास्तर काल कॅफेत आले. चालत! काठी घेऊन, कोट घालून. उभं राहून सांगितलं, "टोकावर राखाडी अळी मिळालीय. पाच. जिवंत आहेत."

मग ताइस्तोने पाव कॉफीत बुडवला आणि म्हणाला, "अरे उर्पो, मागच्या वेळची एक होती. पिल्लं झाली का तिला?"

"येऊन बघ."

"मागच्या वेळीही बघायलाच आलो होतो. तू बाटली दाखवलीस. बाटलीत काय होतं? पांढरं."

"स्पिरिटमधे रंग उडतो. मी तेव्हाही सांगितलं होतं."

"रंग उडतो, पुरावा उडतो, तुझ्याकडे सगळं उडतंच. फक्त पतंग उडत नाही."

हसले सगळे. मीही हसलो, ताई. सवयीने. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही, बरं झालं.

शेवटी ठरलं, शनिवारी सकाळी ताइस्तो मंडळाच्या दोघांना घेऊन मास्तरांच्या घरी येणार. यावेळी स्पिरिट नाही, जिवंत बघायच्या. मास्तरांनी डबा तळघरात थंड जागी ठेवलाय, म्हणजे अळ्या सुस्त राहतील, पान सोडून मातीत जाणार नाहीत. दिवसातून सारखे जिना उतरून बघून येतात. मी म्हटलं पडाल, तर म्हणाले, "सोळा वर्षं पडलोच आहे."

आणि मग गाडीत तुझा विषय काढला. त्यांना तुझ्याबद्दल बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हणाले, "तुझ्या बहिणीने बघितली होती. अकरा वर्षांची होती. मी पान सूर्यासमोर धरलं, तीच आधी ओरडली, राखाडी, राखाडी! दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर ताइस्तोने तिला विचारलं. वर्गातल्या पोरी मागे उभ्या होत्या. म्हणाली, पांढरी होती." पुढे म्हणाले, "तिला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही."

मला आठवतंय, बसमधे पोरी तुला अळी म्हणायच्या. तुझ्या दप्तरात गांडुळं टाकायच्या. ती गांडुळं त्यांना मी पुरवायचो, एका चॉकलेटला मूठभर, पण ते जाऊ दे.

मला एवढंच सांग, ती खरंच राखाडी होती का? असेल तर मास्तर वेडे नाहीत, आणि मग मी जे केलं ते फार वाईट. नसेल तर ते तसेही वेडेच आहेत, आणि मग माझं जरा कमी वाईट. तुझ्या उत्तरावर माझी झोप आहे.

अजून एक. म्हणाले, कागदोपत्री शोधणारा म्हणून माझंही नाव लिहिणार. आर्तु मोइलानेन. "तुझं नाव कुठल्या तरी चांगल्या यादीत यायला हवं एकदा," म्हणे. मी सॉसेज जळतंय असं सांगून पळालो. गाडीत होतो आम्ही. कसलं सॉसेज?

आर्तु


२८ जून, शुक्रवार

ताई,

निस्तरलं. आता ऐक आणि शहाणा म्हण.

तीन रात्री मी हिशोब करत होतो. ताइस्तोच्या भिंगाखाली काजळी दिसली तर तो म्हणणार, मास्तरांनी मुद्दाम फासली. लबाड ठरतील. अळ्या नुसत्याच पांढऱ्या निघाल्या तर तो म्हणणार, म्हाताऱ्याला दिसत नाही. आंधळे ठरतील. आंधळं ठरणं बरं, नाही का? मोतीबिंदू आहेच, कागद आहे डॉक्टरचा. दोन दिवस हसतील, मग मासे पकडायला जातील. तेव्हा अळ्या धुवायच्या.

सगळं सांगून टाकायचा विचार माझ्या डोक्यात आला नाही असं समजू नकोस. आला होता. मास्तरांच्या पायरीपर्यंत घेऊन गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, अंगात इस्त्री केलेला सदरा, टेबलावर पाच कप मांडून ठेवलेले, शनिवारचे, शुक्रवारीच. म्हणाले, "बशांना कड सोन्याची चांगली दिसते का निळी?" मी निळी म्हणालो आणि विचार तिथेच सोडला.

मग त्यांना म्हटलं, तुम्ही पाव आणायला दुकानात जा, मालक गाडीतून नेईल, मी तळघरात शेवाळ ओलं करून ठेवतो. गेले. डोळे झाकून विश्वास. डोळे तसेही झाकलेलेच आहेत म्हणा.

खाली उतरलो. आईच्या कान साफ करायच्या काड्या, वाटीत कोमट पाणी. फोड उघडायचा, अळीला हलकेच पुसायचं, परत पापुद्रा दाबायचा. बाळाला अंघोळ घालतात तसं. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरी जरा वळवळली, झाली. चौथीही झाली. मी तर गाणं म्हणत होतो.

पाचवी निघेना. पुसली, पुन्हा पुसली. काडीला काळं लागतच नव्हतं, आणि अळी मात्र तशीच मळकी. म्हटलं हिच्यात काजळी मुरली, चीर नीट बसली नसणार. जोर लावला. थोडा आणखी. फुटली. पाण्याचा थेंब फुटतो तशी, आवाजसुद्धा नाही.

एवढं घासलं असतं तर मीही फुटलो असतो.

पान आणि ती, दोन्ही मागच्या दारी मास्तरांच्या कोंबड्यांना टाकली. एका कोंबडीने टिपलं, दुसरी तिच्या मागे पळाली. डब्यात चार राहिल्या, चार गोऱ्यापान. मास्तर पाव घेऊन आले तेव्हा मी वर बसलो होतो, निरागस. त्यांनी मला एक पाव दिला. दालचिनीचा. खाल्ला मी.

उद्या एकदा हसू होईल आणि संपेल. मग मी तुला कधी त्रास देणार नाही, अगदी लेनार्टलाही नाही.

आर्तु


१ जुलै, सोमवार

ताई,

संपलं नाही.

शनिवारी ताइस्तो आला, बरोबर मंडळाचे दोघे, एक बाई आणि एक गप्प माणूस. मास्तरांनी सूट घातला होता. बाईंना कोट काढायला मदत केली. कॉफी ओतताना सोन्याच्या कडेच्या बशीत सांडली. निळ्या काढल्याच नव्हत्या. मला आत यायची गरज नव्हती, पण मास्तर म्हणाले, "आर्तु इथेच थांबेल. त्याचंही नाव आहे."

डबा आणला. ताइस्तोने पहिलं पान दिव्यासमोर धरलं. दुसरं. मग हळूच चारही एका ओळीत मांडली.

"उर्पो," म्हणाला, "ये. बघ."

मास्तरांनी भिंग लावलं. एक बघितलं, दुसरं बघितलं. परत पहिलं. मग डबा उलटा करून शेवाळ चाचपायला लागले. "पाच होत्या. पाचवं पान कुठे आहे?"

"वा!" ताइस्तो म्हणाला. "मागची बाटलीत गोरी झाली, आणि ही पळाली. राखाडीला तुझा काय राग आहे रे एवढा?"

तो गप्प माणूस नेमका तेव्हाच बोलला. त्याने पापुद्रा उचलला होता. "यात काळे कण आहेत. काजळी आहे ही."

ताई, मला वाटलं मी तिथेच मातीत जातो.

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. मग सावकाश म्हणाले, "डबा युहान्नुसला धुराच्या सॉनात टांगला होता."

"सॉनात?" ताइस्तो हसता हसता खुर्चीवर मागे रेलला. "अळ्यांना सॉनाला नेलंस? जुडीने पाठही झोडलीस का त्यांची?" बाईसुद्धा हसली, मग तोंडावर रुमाल धरला. ताइस्तो डोळे पुसत म्हणाला, "हे बघ, राग मानू नकोस. पण काजळी आणि अळी ज्याला वेगळी दिसत नाही त्याच्या चाळीस वर्षांच्या नोंदी मंडळाने कशाच्या भरवशावर ठेवायच्या? ज्यांचा नमुना नाही त्या सगळ्या काढाव्या लागतील."

"काढा," मास्तर म्हणाले.

एवढंच. पाव कुणी खाल्ले नाहीत. पंपावर आतापर्यंत त्यांना सॉना-मास्तर म्हणायलाही लागलेत, काल एक पोरगा शाळेच्या भिंतीवर अळी काढून गेला, डोक्यावर टॉवेल गुंडाळलेली. नेहमीसारखं असतं तर मीच काढली असती, आणि जास्त चांगली.

पाहुणे गेल्यावर मास्तर म्हणाले, टोकावर घेऊन चल. गाडीत म्हणाले, "नखं दाखव."

दाखवली. काजळी किती घासली तरी नखात राहतेच, तुला माहीत आहे.

नखांवर भिंग धरून बघितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुला सातवीत एक वर्ष नापास केलं ना मी? कमी केलं."

झाडांशी आलो, पण उतरले नाहीत. म्हणाले, "एकच विचारतो. पाचवी कुठे आहे?"

ताई, इथे मी खरं बोलू शकलो असतो. मीच काळी केली हे त्यांना कळलंच होतं, अजून काय लपवायचं होतं? पण कोंबडी आठवली. माझ्या काडीखाली ती फुटली ते आठवलं. आणि तोंडातून निघालं, "पाचवी नव्हतीच, मास्तर. चारच पानं होती. तुम्ही मोजायला चुकलात."

त्यांनी मान हलवली. असं नुसतंच, दोन-तीनदा. म्हणाले, "काजळी बघितली आणि मला राखाडी दिसली. चार बघितली आणि पाच दिसली. म्हणजे मला हवं तेच दिसतं." मग म्हणाले, "तेव्हाही तसंच झालं असेल. तुझी बहीण हेइनी खरं बोलली होती. पांढरीच असेल." आणि मला म्हणाले, "तिला लिही. म्हणावं, एका लहान मुलीला मी सोळा वर्षं खोटारडी समजलो. तिचा काही दोष नव्हता. माफी मागतो म्हणावं."

म्हणून लिहितोय. त्यांनी माफी मागितलीय. पोचली?

मग भिंग काढून माझ्या हातात दिलं. "घे. माझ्या काही उपयोगाचं नाही." आज सकाळी आईने जेवण देऊन मला पाठवलं, तर कळलं की त्यांनी ऑक्टोबरचं ऑपरेशनही रद्द केलंय. मी विचारलं का. म्हणाले, "बघायचं काय राहिलंय?"

आता कालचं. काल दुपारी तू आईला फोन केलास. आई जेवायला वाढताना म्हणाली, "हेइनीने तुला निरोप दिलाय. राखाडी होती. एवढंच म्हणाली, आणि बाकी काही विचारू नकोस म्हणाली. कशाचा रंग निवडताय रे तुम्ही दोघं? पडदे घेतेय का ती?"

घास तसाच राहिला माझ्या तोंडात.

मग मला आठवलं, ताई. शेवटचं पान मी उघडलं तेव्हा आत आधीच काळपट होतं. आणि तळघरात काडीला काळं लागतच नव्हतं. मी फोन काढला. येरेसाठी काढलेला तो पहिला फोटो, आधीचा, जेव्हा सुई अजून माझ्या दातात होती आणि काजळी वाटीत. पाच पानं, ओल्या शेवाळावर. मोठा करून बघितला. मास्तरांचं भिंग फोनच्या काचेवर धरून बघितला. चार फोडांत पांढरं. पाचव्यात राखाडी. स्वच्छ दिसतंय. मी काही केलं नसतं तर रविवारी सकाळी त्यांना ती मिळालीच असती. शनिवारी ताइस्तोने बघितली असती. त्याच्या नाकातून पुन्हा कॉफी आली असती.

फोटो दाखवायला हवा, एवढं मला कळतं. एवढा नापास नाही मी. पण फोटो दाखवला की फोटो का काढला ते सांगावं लागेल, मग सुई, मग काड्या, मग कोंबडी. आणि चार होत्या असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, तेही. काजळी त्यांनी गिळली. हे गिळणार नाहीत. मला याच गावात राहायचंय, याच पंपावर, त्याच टेबलांवर कॉफी न्यायचीय. पुसायला म्हणून बोट ठेवतो आणि उचलतो. अजून पुसलेला नाही, पण पुसेन बहुतेक.

आज परत येताना मास्तर दारापर्यंत आले. म्हणाले, "आर्तु, कोंबड्यांना पावाचे तुकडे टाक तेवढे." टाकले. तीच कोंबडी आधी पळत आली.

ताई, तू फोन करू नकोस त्यांना. आईला सांगू नकोस, लेनार्टला सांगू नकोस, झोपेतसुद्धा बोलू नकोस. तुला काय अवघड आहे? तू एकदा पांढरी म्हणालीस आणि सोळा वर्षं तोंड उघडलं नाहीस. आता तर त्यांनी तुझी माफीही मागितलीय, म्हणजे तुझं काही अडलेलं नाही. तसंच आणखी थोडी वर्षं. फार वर्षं नसतील ती, तू त्यांना बघितलंस तर तुलाही कळेल.

पाया पडतो तुझ्या. कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस.

आर्तु